वाफेला वाट

आमच्या कोरेगाव तालुक्यात मंडळांना तोटा नाही. गणेश मंडळं गल्लीला दोन, भजनी मंडळ वाडीला एक, बचत गट तर घरटी. बैलगाडा शर्यतीच्या शौकिनांचं वेगळंच गोत आहे. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या तेव्हा ती माणसं घरात सुतक असल्यासारखी हिंडत होती. २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली, तर पेढे वाटले त्यांनी. बैलाचं वेड माणसं समजून घेतात. कबुतराचं घेतात, कुस्तीचं घेतात, तमाशाचंसुद्धा पोटात घालतात. पण साठी उलटलेल्या शेतकऱ्यानं "मला वाफंच्या इंजिनाचा नाद हाय, ल्हान इंजिन करायचं हाय," असं म्हटलं की ऐकणारा आधी त्याच्या तोंडाकडं बघतो आणि मग घरच्यांच्या तोंडाकडं.

माझं तसंच झालं. मी दहावी शिकलेला माणूस. जन्म गेला आलं, घेवडा आणि उसात. इंजिनाचं शिक्षण काही नाही. पण हा नाद माझ्या डोक्यात शिरला तो बाहत्तरच्या दुष्काळात, आणि तो कसा शिरला हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. पाऊस झाला नव्हता. आमच्या विहिरीचा तळ दिसत होता. तळातल्या कपारीत बेडूक बसलेला दिसायचा, तोसुद्धा पुढं दिसेना. घरातली धडधाकट माणसं दुष्काळी कामावर. आमची आई खडी फोडायला जायची. आण्णा माती टाकायला. मी दुपारी भाकरी घेऊन जायचो. भाकरी म्हणजे मिलोची, तांबड्या ज्वारीची. घशाखाली उतरत नसे, पण तीच होती. पोरांना सुकडी मिळायची.

रस्त्यावर खडी पसरली, मुरूम पडला आणि एक दिवस लांबून धूर दिसला. आम्हा पोरांना वाटलं, कुणाची तरी गंज पेटली. पण धूर हलत होता. जवळ आला तेव्हा दिसलं, काळंकुट्ट धूड आहे. पुढं लोखंडाचं जाडजूड रूळ, मागं दोन माणूसभर उंचीची चाकं, वर धुराडं आणि अंगावर गरगर फिरणारं मोठं चक्र. माणूस चालतो त्यापेक्षाही हळू चाललेलं. धुराड्याच्या खाली, अगदी तोंडाशी, मागच्या पायांवर उभा राहिलेला एक पितळी घोडा होता. तो घोडा मी जन्मात विसरलो नाही.

आम्ही रेल्वेचं इंजिन पाहिलेलं होतं. पुणे-मिरज लाईन लहान रुळांची होती तेव्हापासून कोरेगाव ठेसनात वाफेची इंजिनं येत होती. पण रेल्वे आपली येते आणि जाते. थांबून तुमच्याशी बोलत नाही. हा रोलर आमच्या गावात दोन महिने राहिला. त्याचा डायवर परजिल्ह्यातला, एकटा. कोळशाचं फावडं जाळात तापवून, धुऊन त्याच्यावर वांगं भाजायचा. मी घरातून चटणी नेऊन द्यायचो. त्यामुळं मला वर चढायची मुभा होती.

एक गोष्ट मात्र माणसांना सलायची. इंजिनाला पाणी लागायचं. पिपंच्या पिपं. बायका कळशी कळशीसाठी टँकरची वाट बघत बसलेल्या, आणि हे धूड गटागटा पाणी पितंय. एकदा एक म्हातारी त्याच्यापुढं आडवी उभी राहिली. म्हणाली, "ह्येला पाजतायसा आन् आमची लेकरं कोरडी ठिवतायसा व्हय?" डायवर खाली उतरला. त्यानं स्वतःच्या पिण्याच्या पाण्याची कळशी तिच्या घागरीत ओतली आणि म्हणाला, "आज्जे, ह्येला पाणी न्हाई दिलं तर ह्यो फुटंल. मग रस्ताबी न्हाई आन् मजुरीबी न्हाई." म्हातारी गेली. मी विचारलं, "खरंच फुटतंय?"

तेव्हा त्यानं मला काचेची नळी दाखवली. तिच्यात पाणी खालीवर होत होतं. ते पाणी दिसलंच पाहिजे. दिसेनासं झालं तर आतलं पत्र्याचं कपाळ उघडं पडतं आणि तापून मऊ होतं. म्हणून त्या कपाळात शिशाची गोळी बसवलेली असते. पाणी खाली गेलं की शिसं वितळतं, वाफ जाळावर पडते आणि माणसं सावध होतात. वर दुसरी एक झडप होती. मधूनच फुस्स करून वाफ सोडायची. मी म्हणालो, "ही वाया का घालवतायसा?" तो म्हणाला, "वाया न्हाई रं. ती वाट हाय. वाफंला वाट ठिवावी लागती. वाट न्हाई ठिवली तर ती आपली आपन काढती."

हे त्यानं मला स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. म्हणूनच पुढं घडलं त्याचा दोष मी कुणावर टाकू शकत नाही.

रोलर गेला. दुसऱ्या वर्षी पाऊस पडला. माझ्या डोक्यातून मात्र इंजिन जाईना. सायकलच्या ताराकाड्या, दोऱ्याची रिळं, फुटक्या कंदिलाचं पितळ असा पसारा मी गोठ्याच्या माळ्यावर जमवला. जत्रेतून आणलेली टिनाची बोट होती माझ्याकडं. आत तेलाचा दिवा लावला की पाण्यात फटफट करत फिरायची ती. तिच्यावरून कल्पना घेतली. एक गोल पत्र्याचा डबा मिळवला. गावात कल्हईवाला आला होता, त्याच्या हातापाया पडून झाकण डाग देऊन बंद करून घेतलं. वर एक भोक, भोकात नळी, नळीपुढं पंख्याचं चाक. वाफेनं चाक फिरलं की तेच माझं इंजिन.

गोठ्यामागं तीन दगडांची चूल मांडली. धाकटा भाऊ तेव्हा पाच वर्षांचा. तो फुंकणीनं जाळ फुंकत होता. वाफ आली, पण चाक हलेना. मला वाटलं, दम कमी पडतोय, जरा साठू द्यावा. मी नळीच्या तोंडात बाभळीची खुंटी मारली.

डबा फुटला त्याचा आवाज वेशीपर्यंत गेला म्हणतात. मी लाकडं आणायला दोन पावलं मागं वळलो होतो, म्हणून वाचलो. धाकटा पुढंच होता. डोळे वाचले, पण उजवा हात आणि मान भाजली. कुणी तेल आणलं, कुणी हळद. आण्णांनी त्याला धोतरात गुंडाळून पळत रस्त्यावर नेलं. दवाखान्यात तो महिनाभर होता. परत आला तेव्हा उजव्या हाताची करंगळी आणि तिच्याजवळचं बोट तळव्याला चिकटून वळलेलं होतं. ती दोन बोटं आजही सरळ होत नाहीत.

आण्णांनी मला हात लावला नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी माळ्यावरचा सगळा पसारा पाटीत भरला आणि विहिरीत ओतला. आई जवळ उभी होती, तीही काही बोलली नाही. आमच्या घरात इंजिन हा शब्द त्यानंतर निघाला तो विहिरीवर डिझेल इंजिन बसवलं तेव्हाच.

पुढची पन्नास वर्षं शेतीत गेली. दहावी झालो, आण्णा थकले, मी औत धरलं. विहिरीवरचं इंजिन कूपरचं होतं. आमच्याच तालुक्यात सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला. आधी नांगर केले, पुढं डिझेल इंजिनं. त्या इंजिनाची टकटक रात्री ऐकू आली की झोप चांगली लागायची. मग वीज आली, मोटारी आल्या. धाकट्यानं लग्न केलं, वाटण्या झाल्या. तो शेजारीच राहतो. भांडण नाही. सणाला येणंजाणं आहे. पण लहानपणी तो डाव्या हातानं पाटी लिहायला शिकला, डाव्या हातानं विळा चालवायला शिकला, आणि ते बघताना माझ्या पोटात जे व्हायचं ते मी त्याला कधी सांगितलं नाही. त्यानंही कधी विषय काढला नाही.

पोरानं शेती हातात घेतली आणि मी रिकामा झालो. रिकाम्या माणसाच्या डोक्यात जुनं वर येतं. कोपऱ्यात टाकलेल्या घेवड्याला पाणी लागलं की मोड फुटावा, तसं झालं. नातवानं मोबाईलवर एकदा इंग्लंडातली जत्रा दाखवली. हिरव्या माळावर वाफेची इंजिनं ओळीनं उभी. मोठी तर होतीच, पण गुडघ्याएवढीही होती. त्या लहान इंजिनांच्या मागं छोट्या गाड्या जोडून त्यांच्यावर म्हातारी माणसं बसली होती. तेलकट टोप्या, काळे हात, आणि तोंडावर आमच्या बैलवाल्यांसारखाच आनंद. मी नातवाला म्हटलं, "ही आपल्यातलीच मानसं दिसत्यात रं." तो हसला. पण मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की हे वेड माझ्या एकट्याचं नाही.

मग मी माणसं शोधायला लागलो. ट्रॅक्टरच्या दुकानात विचारलं, तर पोरगा म्हणाला, "आजोबा, विकायचंय का घ्यायचंय?" विकायचंही नाही आणि घ्यायचंही नाही, नुसतं त्याच्यावर बोलणारी माणसं पाहिजेत, हे त्याला कळेना. सरकारी गोदामाच्या आवारात एक जुना रोलर वेलींखाली गंजत पडलेला होता, तिथं गेलो. वॉचमन म्हणाला, "भंगारवाला का तुमी?"

पुण्याला थोरल्या लेकीकडं गेलो तेव्हा तिनं कोथरूडला जोशींच्या लहान रेल्वेच्या संग्रहालयात नेलं. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून ते उभारलं आणि १९९८ साली लोकांसाठी खुलं केलं. एका खोलीत अख्खं गाव वसवलंय. डोंगर, बोगदे, सिग्नल, पूल, आणि विजेवर पळणाऱ्या हातभर गाड्या. दिवे मालवून रात्र करतात तेव्हा नातीनं माझा हात घट्ट धरला. खरं सांगायचं तर मीच तिचा धरला होता. एका माणसाचा नाद किती मोठा होऊ शकतो, ते तिथं कळलं. आणि हेही कळलं, की नाद लपवून ठेवायची गोष्ट नाही. चार माणसांना दाखवला की त्याला अंग धरतं.

बाहेर बाकावर सांगलीकडचे एक रेल्वेतून रिटायर झालेले गृहस्थ बसले होते. बोलता बोलता मी त्यांना पितळी घोड्याची गोष्ट सांगितली आणि विचारलं, "लहान वाफेची इंजिनं करणारी माणसं कुटं भेटतील? मुंबईला जावं लागंल का?"

ते म्हणाले, "तुमी कोरेगावचे ना? मग मुंबई कशाला? तुमच्या सातारा रोडला एक मिस्त्री हायत. मी स्वतः जाऊन आलोय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. ज्या सातारा रोडवरून मी जन्मभर येजा केली, तिथल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मला हवी होती ती माणसं बसत होती.

अमावस्येच्या दिवशी गेलो. आमच्याकडं अमावस्येला औत धरत नाहीत. बैल गेले, ट्रॅक्टर आले, तरी हा दिवस मोकळा ठेवायची सवय राहिली आहे, म्हणून त्यांचीही बैठक त्याच दिवशी. मिस्त्रींनी उभी हयात इंजिनाच्या कारखान्यात लेथवर काढली. दुसरे मामा, साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते. तिसरे गुरुजी, इतिहास शिकवायचे. चौथा आयटीआयचा एक तरुण फिटर. चार माणसं, एक लेथ, एक चहाची किटली. मंडळाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही, अध्यक्ष नाही. माझ्या माहितीत अध्यक्ष नसलेलं तालुक्यातलं हे एकच मंडळ.

मी दारात उभा राहून काय बोलावं ते सुचेना. मिस्त्री म्हणाले, "या की. काय काम काढलं?" मी म्हणालो, "काम काय न्हाई. बाहत्तरला आमच्या गावात वाफंचा रोलर आलता. त्येच्या तोंडावर पितळी घोडा हुता. त्येवढंच सांगायचं हुतं."

गुरुजी उठले. फळीवरून एक वही काढली. तिच्यात चिकटवलेलं चित्र माझ्यापुढं धरलं. तोच घोडा. मागच्या दोन पायांवर उभा. मला खाली बसावं लागलं.

गुरुजींनी सांगितलं, हा इंग्लंडातल्या केंट परगण्याचा घोडा. तिथल्या रोचेस्टर गावच्या अॅव्हलिंग आणि पोर्टर कंपनीच्या रोलरवर तो असायचा. कंपनी काढणारा थॉमस अॅव्हलिंग हा मुळात शेती केलेला माणूस. त्या काळात मळणीची वाफेची इंजिनं चाकांवर असायची, पण एका शेतातून दुसऱ्या शेतात न्यायला घोडे जुंपावे लागायचे. अनेक घोड्यांचं बळ ज्याच्या पोटात, त्याला घोड्यांनी ओढायचं! हे त्याला खटकलं. १८५९ च्या सुमारास त्यानं इंजिनाचं बळ साखळीनं त्याच्याच चाकाला दिलं आणि इंजिन आपल्या पायांनी चालायला लागलं. त्याची पुढची चाकं काढून रूळ बसवला की झाला रोलर. म्हणजे मी पाहिला तो रस्त्याचा रोलर आणि त्या जत्रेतली शेतीची इंजिनं, ही एकाच आईची लेकरं.

दुसरी एक गोष्ट ऐकून तर मी मांडीवर थाप मारली. जॉन फाउलर नावाच्या माणसानं वाफेचा नांगर केला. त्याला १८५८ साली तिथल्या शेतकी सोसायटीनं ५०० पौंडांचं बक्षीस दिलं. पुढं त्याच्या नांगराची जी तऱ्हा रूढ झाली, तिच्यात शेताच्या एका बांधावर एक इंजिन, समोरच्या बांधावर दुसरं, मध्ये तारेचा दोर आणि दोराला नांगर. हे ओढणार, मग ते ओढणार. इंजिनाचं वजन रानात पडतच नाही, त्यामुळं माती दबत नाही. आज ट्रॅक्टरनं रान दबून दगड झालंय म्हणून आपण रडतो. त्या माणसांना ती काळजी दीडशे वर्षांपूर्वी होती.

आपल्याकडंही नुसती बाहेरून आलेली इंजिनं नव्हती. टाटांच्या टेल्कोनं इंग्लंडच्या मार्शल कंपनीच्या मदतीनं १९४८ साली वाफेचे रोलर काढले. मोटारगाड्या नंतर आल्या.

मी विचारलं, "मग ही लहान इंजिनं करायची मंडळं तिकडं सुरू कशी झाली?" गुरुजी हसून म्हणाले, "पैजेवर." मॉडेल करणारे हौशी लोक पूर्वीपासून होतेच, त्यांच्यासाठी १८९८ पासून मासिकही निघतं. पण मोठी इंजिनं भंगारात चालली होती. १९५० साली आर्थर नॅपर नावाच्या इंजिनवाल्यानं मित्राशी पैज लावली, माझं इंजिन तुझ्याच्या पुढं जाईल, हरणाऱ्यानं बिअरचं पिंप द्यायचं. अॅपलफर्ड गावच्या माळावर शर्यत झाली. नॅपर जिंकला. ती बघायला माणसं लोटली, दरवर्षी लोटायला लागली, आणि १९५४ साली देशभराचा क्लब निघाला. मी म्हणालो, "म्हंजे आपली बैलगाडा शर्यतच की." मामा म्हणाले, "तर! नुसता बैल कोळसा खातुया."

पुसेगावच्या जत्रेत शर्यतीच्या बैलाभोवती माणसं कशी उभी असतात, ते मला आठवलं. बैल एकाचा असतो, पण त्याच्या खांद्यावरून हात फिरवणारे पन्नास असतात. ते पन्नास नसतील तर एकट्या मालकाला बैल पोसवत नाही. पैशानं पोसवेल, मनानं पोसवत नाही. माझं तेच झालं होतं. पन्नास वर्षं मी दावणीला बैल बांधून ठेवला होता आणि त्याच्या पाठीवर हात ठेवणारं कुणी नव्हतं.

मिस्त्रींचं इंजिन अडीच-तीन फुटांचं. मोठ्याच्या सहाव्या हिश्शाचं. नऊ वर्षं लागली त्यांना. माझं त्याहून पुष्कळ लहान करायचं ठरलं. तांब्याच्या नळीचा बॉयलर, चांदीचा डाग, झुलता सिलिंडर, खाली स्पिरिटचा दिवा. झुलता सिलिंडर म्हणजे तो स्वतःच पाळण्यासारखा डुलतो आणि डुलता डुलता वाफेची भोकं उघडझाप करतो. वेगळ्या झडपा लागत नाहीत, म्हणून शिकाऊ माणसाला सोपा. तरी मला दीड वर्ष लागलं. तीन सिलिंडर वाया घालवले. मिस्त्री एक शब्द बोलले नाहीत, फक्त म्हणायचे, "पितळ वितळतंय परत. घाबरू नगा."

बॉयलर झाला त्या दिवशी मामांनी विचारलं, "सेफ्टी व्हॉल्व्ह कुटाय?" मी काढून दाखवला. तो मी सगळ्यात आधी केला होता. मग मात्र मला राहवेना. डबा, खुंटी, धाकट्याचा हात, सगळं सांगून टाकलं. एवढ्या वर्षांत घरच्या बाहेर पहिल्यांदा. मामा कारखान्यात ४५ किलोच्या बॉयलरपाशी उभे राहिलेले. ते हळूच म्हणाले, "वाफंपाशी काम केलेल्या परत्येक मानसाकडं आसली एक गोष्ट आसती. पुढच्या अमावस्येला थंड पाण्याची परीक्षा घिऊ. भावाला आना."

भावाला आणा! हे सांगणं बॉयलर करण्यापेक्षा अवघड. दोन दिवस मी त्याच्या दारावरून येरझाऱ्या घातल्या. शेवटी गेलो आणि उभ्या उभ्याच म्हणालो, "मी वाफंचं इंजिन केलंय. त्येची परीक्षा हाय. तू येशील का?" तो आल्याच्या गड्ड्या निवडत होता. वर बघितलं नाही. बराच वेळ गेला. मग म्हणाला, "किती वाजता?"

थंड पाण्याची परीक्षा म्हणजे बॉयलर पाण्यानं काठोकाठ भरायचा, आत हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही, आणि हातपंपानं दाब द्यायचा. रोज जेवढ्या दाबावर चालवायचं त्याच्या दुप्पट. माझं इंजिन २० पौंडांवर चालणार, म्हणून ४० पर्यंत न्यायचं. मामांनी धाकट्याला समजावलं. पाणी दाबल्यानं जवळजवळ दबत नाही. त्यामुळं बॉयलर कच्चा निघाला तर नुसती चिळकांडी उडते. वाफेचं तसं नसतं. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटीनं जागा मागते. कोंडली की सगळी एकदम सुटायला बघते, आणि मागं राहिलेलं उकळतं पाणीही त्याच क्षणी वाफ होऊन तिच्या मदतीला धावतं. "म्हणून आदी पान्यानं बगायचं, मग वाफंनं. पोरासोरांना ह्ये कोन सांगतंय?"

धाकटा ऐकत होता. मग म्हणाला, "पंप मी मारू का?"

त्यानं डाव्या हातानं पंप धरला आणि उजव्या हाताची ती दोन बोटं नळीवर टेकवली. काटा हलला. १०, २०, ३०. मी बॉयलरकडं बघतच नव्हतो. त्याच्या हाताकडं बघत होतो. ४० ला मामा म्हणाले, "बास." दहा मिनिटं काटा तिथंच उभा राहिला. कुठं थेंब नाही.

पाणी काढून अर्धं भरलं, दिवा लावला. थोड्या वेळानं वाफ आली. मी चक्राला बोटानं जरा धक्का दिला आणि ते फिरायला लागलं. टकटक, टकटक. लहान, पण तोच आवाज. तेवढ्यात वरची झडप फुस्स करून उघडली. मी दचकून मागं सरलो. धाकटा जागचा हलला नाही.

येताना गाडीवर माझ्यामागं बसला होता. कालव्याच्या पुलावर आलो तेव्हा मी म्हणालो, "त्या येळला खुंटी मी मारली हुती." तो म्हणाला, "म्हायती हाय की. मी तितंच हुतो." मग जरा वेळानं म्हणाला, "मला त्यो आवाज काय आठवत न्हाई, दादा. तू मला वरीसभर पाठुंगळी शाळंत न्यायचास, त्येवढं आठवतंय. हात भाजला हुता, पाय न्हाई, पर मला कोन खाली उतरा म्हणंना, म्हणून मी गप बसायचो."

मी गाडी कडेला घेतली. डोळ्यांत वारं गेलं होतं.

आता मंडळात सहा माणसं आहेत. सहावा तो. तो इंजिन करत नाही. पण कुणीही नवं काही आणलं की दिवा लावायच्या आधी तो पुढं होतो, व्हॉल्व्हची दांडी उचलून बघतो, काचेत पाणी बघतो. नातवंडांना हातभर मागं उभं करतो. मगच म्हणतो, "हं, लावा." त्यानं होकार दिल्याशिवाय आमच्याकडं काडी ओढत नाहीत. मागच्या अमावस्येला मिस्त्रींनीसुद्धा त्यांचं नऊ वर्षांचं इंजिन त्याच्यापुढं ठेवलं आणि टोपी काढून बाजूला उभे राहिले. धाकट्यानं दांडी उचलली, म्हणाला, "जरा घट्ट हाय. तेल घाला." मिस्त्री तेलाची बुधली आणायला गेले.